उतरत्या काट्याचा बाजार

फुलांचा जगप्रवास : भाग ४

लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चढत जाणारी बोली येते. कोणी पाचशे म्हणतो, कोणी साडेपाचशे, आणि शेवटपर्यंत टिकेल त्याच्या पदरात माल पडतो. अ‍ॅम्स्टरडॅमजवळच्या आल्समेर गावात याच्या नेमकं उलटं चालतं. घड्याळाच्या तबकडीवर काटा चढ्या भावापासून निघतो आणि भराभर खाली घसरू लागतो. पहिलं बटण ज्याचं दाबलं जाईल त्याला माल, काटा थांबला त्या भावात. घाई केली तर चार पैसे जास्त गेले आणि दम धरला तर शेजाऱ्यानं माल नेला. एका सौद्याला लागतात जेमतेम काही सेकंद.

उलटी रीत कशासाठी? वेळ वाचवण्यासाठी. चढत्या बोलीत एका मालावर दहा-वीस आवाज होतात. इथे एक बटण आणि विषय संपला. पहाटे सुरू झालेल्या बाजारात हजारो गाडे सकाळच्या काही तासांत निकाली निघायला हवेत, कारण दुपारपर्यंत तीच फुलं जर्मनीच्या वाटेवर असतात. शिवाय दुसऱ्याच्या मनातला भाव कोणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जण आपल्या कमाल तयारीच्या आसपासच बटण दाबतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे वाईट नाही.

आणि हा बाजार शेतकऱ्यांचाच आहे. सहकार म्हटला की आपल्याला साखर आठवते, डच माणसाला फुलं आठवत असावीत. व्यापारी भाव पाडतात म्हणून आल्समेरच्या फूलउत्पादकांनी १९११-१२च्या सुमारास दोन सहकारी लिलावसंस्था काढल्या. एकाच गावात दोन संस्था, म्हणजे चढाओढही आलीच. १९६८मध्ये त्या एक झाल्या, १९७२मध्ये आजची अवाढव्य इमारत उभी राहिली. तिचा पसारा पाच लाख चौरस मीटरांहून अधिक. २००८च्या विलीनीकरणानंतर ती आजच्या रॉयल फ्लोराहॉलंडचा भाग आहे.

पण तिथल्या गाड्यांवरचा गुलाब बऱ्याचदा डच नसतो. तो असतो केनियाचा, नैरोबीहून साधारण नव्वद किलोमीटरवरच्या नैवाशा सरोवराकाठचा. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, म्हणून बारा महिने बारा तास उजेड. उंची सुमारे एकोणीसशे मीटर, म्हणून रात्री गार. आणि पाणी गोडं. गुलाबाला यापेक्षा जास्त काही मागायचं नसतं. कळी घट्ट मिटलेली असतानाच दांडी कापतात आणि लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतात. मग प्रतवारीचं शेड. तिथे बहुतेक बायकाच. प्रत्येक दांडी मापाशी लावायची, खालची पानं नि काटे काढायचे, वाकडी दांडी बाजूला टाकायची, सारख्या उंचीच्या कळ्यांचा बंच बांधून तो नालीदार कागदात गुंडाळायचा. तिथून शीतगृह, वातानुकूलित ट्रक, नैरोबीचा विमानतळ आणि रात्रीचं मालवाहू विमान.

विमानानं फुलं न्यायची म्हणजे पर्यावरणाचा सत्यानाश, असं आपण सहज म्हणून टाकतो. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठानं २००७मध्ये हिशेब मांडला, तो वेगळाच निघाला. बारा हजार गुलाबांमागे केनियाच्या फुलांचा कार्बन डायऑक्साइड सुमारे सहा हजार किलो, विमान धरून. डच फुलांचा सुमारे पस्तीस हजार. फरक हरितगृहांचा. केनियात ऊब उन्हाची मिळते, हॉलंडच्या हिवाळ्यात ती इंधन जाळून आणि दिवे लावून विकत घ्यावी लागते. अर्थात या आकड्यात नैवाशाचं पाणी किती उपसलं जातं, खतं-औषधं वाहून सरोवरात किती जातात, हे येत नाही. त्यामुळे एवढ्यावर केनियाला प्रशस्तिपत्र देऊ नये.

या धंद्यात खरं विकलं जातं ते फुलाचं उरलेलं आयुष्य. कापलेलं फूल श्वास घेत राहतं आणि जितकी उष्णता लागेल तितक्या वेगानं साठवलेली साखर संपवतं. धावपट्टीवर खोकी दोन तास तापली, तर त्याची किंमत लंडनमधल्या फुलदाणीत दिवसांनी मोजावी लागते. २०१०च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली (त्याचं नाव लिहिण्याचं धाडस मी करत नाही), युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं आणि नैवाशात टनांनी फुलं फेकली गेली. मार्च २०२०मध्ये कोरोना आला, तेव्हा तर काटा घसरतच राहिला, बटण दाबायला कोणी नाही. आल्समेरमध्ये ताजी फुलं गाडेच्या गाडे नष्ट करावी लागली. तिकडे नैवाशात हजारोंच्या हातचं काम गेलं. जहाजाचा पर्याय स्वस्त आहे, पण मोंबासाहून महिनाभर लागतो, आणि २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांनी तोही बेभरवशाचा झाला.

घड्याळाची सद्दीही आता ओसरते आहे. खरेदीदार बाकांवर न बसता आपापल्या कचेरीतून पडद्यावर बोली लावतात, आणि संस्थेची निम्म्याहून अधिक उलाढाल घड्याळाला वळसा घालून थेट करारांनी होते. युरोपातल्या सुपरमार्केटांना ठरलेल्या लांबीचा, ठरलेल्या भावाचा, ठरलेल्या तारखेचा गुलाब हवा असतो. भाव आधी कळतो म्हणून उत्पादकही खूश असतात. मला मात्र यात धोका दिसतो. घड्याळाचा भाव पडला तरी तो चारचौघांदेखत पडत होता, आणि ज्याच्याकडे कमी माल त्यालाही तोच काटा होता. करारात मोठ्या शेताचं फावतं. सगळा माल एकाच दुकानसाखळीला बांधलेला असेल आणि तिनं नाकारला, तर छोट्यानं जायचं कुठे?

मोठेही बुडतातच म्हणा. नैवाशाचं एक प्रचंड गुलाबशेत २००७मध्ये बंगळुरूच्या करुतुरी कंपनीनं डच मालकांकडून घेतलं आणि ती जगातली सर्वांत मोठी गुलाबउत्पादक म्हणून मिरवू लागली. २०१४मध्ये कर्जापायी केनियातलं ते शेत बँकेनं नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेलं.

पुढच्या आठवड्यात आपण मावळात जाऊ. तळेगावच्या परिसरातले पॉलिहाऊसवाले व्हॅलेंटाइनची निर्यात गाठण्यासाठी छाटणीची तारीख बरीच आधी धरतात, आणि लग्नसराईत मुंबईचा भाव वर गेला की तीच फुलं विमानाऐवजी दादरच्या टेम्पोत चढवतात.