शस्त्रक्रियेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस: पुण्यातल्या सव्वादोनशे वर्षांचा मागोवा

पुण्यातल्या प्लास्टिक सर्जरीची सर्वांत गाजलेली नोंद ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. शस्त्र चालवण्याला तिच्यात जेवढी जागा आहे, जवळपास तेवढीच आधीच्या तयारीला आणि नंतरच्या पंचवीस दिवसांना आहे. कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठा १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया होताना मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी पाहिली होती. पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. रुग्णाचे, चित्रकाराचे, साक्षीदारांचे नाव राहिले. ज्याने नाक केले त्याचे नाव लिहून ठेवावे असे मात्र कोणाला वाटले नाही.

त्याची पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला हव्या त्या नाकाचा आकार द्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोलून उचलायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधली अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखायची. नाकाच्या जागेवरचा जुना व्रण खरवडून कडा ताज्या करायच्या, कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा चिरेत बसवायच्या. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. त्यानंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्ण उताणा, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला डोळ्यांमधली पट्टी कापायची, कारण तोवर नव्या जागेतून रक्त मिळू लागलेले असते.

भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, टाकेही घातले जात नव्हते. तरीही यातली दोन तत्त्वे आजच्या शल्यकक्षात जशीच्या तशी सापडतात. माप शस्त्राआधी घ्यायचे, आणि हलवलेल्या कातडीचा रक्ताचा देठ तोडायचा नाही. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत बाकीचे बहुतेक सगळे बदलले, आणि सर्वांत जास्त बदलली ती रुग्णाची अंथरुणावरची दिनचर्या.

ही हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने अनेक वर्षे मृतदेहांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये अशा दोन यशस्वी शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीने नाक करण्याची ही रीत जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून शिकवली जाऊ लागली. गावात चालत आलेली ही कला मात्र पुढे मागे पडत गेली.

पुण्यात नव्या पद्धतीचे मोठे रुग्णालय, ससून, १८६७ मध्ये सुरू झाले. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस तेव्हा कसे असत याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण तिथेच आहे, जरी ते आंत्रपुच्छाचे असले तरी. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला, ही गोष्ट पुण्यात अजून सांगितली जाते. शस्त्रक्रियेआधीची तयारी मात्र कमी सांगितली जाते. गांधींचे स्नेही श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले गेले, संमतीचे निवेदन लिहिले गेले, गांधींनी त्यावर सही केली, आणि मगच टेबल. ५ फेब्रुवारीला सुटका झाली तरी ते रुग्णालयातच होते. मार्चमध्ये हवापालटासाठी जुहूला गेले. आठवडेच्या आठवडे पडून राहणे हा त्या काळचा नेम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास रुग्णाला लवकर उभे करण्याचा विचार बळावला. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत गुठळ्या होतात आणि छातीत कफ साठतो, हे डॉक्टरांना पटत गेले. १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी त्याला पद्धतशीर रूप दिले: कमी उपाशी ठेवणे, वेदना आधीच आवरणे, त्याच दिवशी चालवणे. आज मोठी शस्त्रक्रिया झालेली स्त्रीही दुसऱ्या सकाळी वॉर्डात फेरी मारताना दिसते.

स्वतंत्र भारतात प्लास्टिक सर्जरी पुण्यात परतली ती सौंदर्यासाठी नव्हे. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया १९५० च्या दशकात पुण्यात आले आणि कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. बसलेली नाके, गेलेल्या भुवया, वाकडी झालेली बोटे. कुष्ठरुग्णांना साध्या रुग्णालयात खाटही मिळत नसे, त्या काळात अंतियांनी त्यांचे चेहरे दुरुस्त करणे हा उपचाराचाच भाग मानला. रोग बरा झाला तरी चेहरा तसाच राहिला तर गावात परत कोणी घेत नाही, हे त्यांनी पाहिले होते. पुढे ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, आयुष्याच्या अखेरीस पुन्हा पुण्यात राहिले आणि २००७ मध्ये इथेच वारले. ‘कॉस्मेटिक’ आणि ‘गरजेची’ अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी कोंढव्याचे काम आठवावे. विमा कंपन्या ती रेघ ओढतात, पण आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही.

स्तनाच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. अमेरिकेच्या विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळेच काढले जात. छातीच्या फासळ्यांवर नुसती कातडी राही, हात सुजे, खांदा आखडे. १९८१ मध्ये इटलीच्या वेरोनेसी यांनी आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या फिशर यांनी दाखवले की लहान गाठीसाठी तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले तरी जगण्याची शक्यता घटत नाही. पूर्ण स्तन काढावा लागला तर पुनर्रचनेच्या दोन वाटा असतात. एक सिलिकॉनची. असे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी बसवले. अमेरिकेत १९९२ ते २००६ त्यांच्या वापरावर कडक मर्यादा होत्या, आणि २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स एका दुर्मीळ लिम्फोमाशी असलेल्या संबंधामुळे बाजारातून परत घेतली गेली. म्हणून इम्प्लांटचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावे. इम्प्लांट जन्मभराचे नसते. दुसरी वाट स्वतःच्या शरीराची. पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीच्या देठासकट काखेखालून छातीवर फिरवतात. इटलीत टान्सिनी यांनी ही रीत १९०६ मध्ये लिहिली. तत्त्व पुण्याच्या नाकाचेच. किंवा पोटाखालची चरबी आणि कातडी पूर्ण सुटी करून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीत जोडतात.

पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि तिचे ऑर्किड्स हे स्तनआरोग्य केंद्र यांनी कर्करोग काढणे आणि स्तनाचा आकार राखणे ही दोन्ही कामे एकाच टेबलावर करण्याची पद्धत रुजवली. तयारीच्या बाबतीत टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचा अभ्यासही महत्त्वाचा आहे. देशातल्या ११ केंद्रांतल्या १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती साधे भुलीचे औषध टोचले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण त्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. इंजेक्शन नेहमीच्या स्वस्त औषधाचे होते.

रुग्णाच्या हातातली तयारी आजही रक्ताच्या देठाभोवतीच फिरते. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हलवलेली कातडी काळी पडू शकते, म्हणून किमान चार आठवडे आधी ती सोडावी लागते. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला बहुतेक बायका नाही म्हणतात आणि ते खरेही असते. पण सकाळी दातांना लावलेली मिश्री ही तंबाखूच आहे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तारीख ठरवण्याआधी लोह भरून काढायला वेळ हवा. साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, वैद्याची चूर्णे, हाडवैद्याचा काढा, सगळे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावे. कोणती गोळी कधी थांबवायची ते त्यांनीच ठरवायचे. उपाशी राहण्याबाबत पुण्यात हमखास घोटाळा होतो. साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते, भूलतज्ज्ञाला चालत नाही. शस्त्रक्रियेआधी हलका आहार सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद, हा सर्वसाधारण नियम. तळलेले खाल्ले असेल तर अंतर आणखी जास्त.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक. १७९३ मध्ये पट्ट्या चार दिवस उघडायच्या नव्हत्या. आज सुटी करून जोडलेली कातडी परिचारिका तासातासाला पाहते. रंग, ऊब, दाबल्यावर रक्त परत यायला लागणारा वेळ. सावळ्या कातडीत रंगाचा बदल उशिरा कळतो, म्हणून हातातल्या डॉपलरने नाडीचा आवाजही ऐकतात. पोटाची कातडी वापरली असेल तर टाके ताणू नयेत म्हणून काही दिवस कमरेत किंचित वाकून चालावे लागते आणि झोपताना गुडघ्याखाली उशी लागते.

घरी येताना बहुतेकींबरोबर ड्रेनची नळी आणि तिच्या टोकाचा फुगा येतो. तो रोज ठरावीक वेळी रिकामा करून मोजायचा आणि वहीत लिहायचा. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढण्याचा विचार होतो. नळी साडीच्या पदराआड पिनेने अडकवता येते. पुढे हूक असलेले ब्लाउज या काळात फार सोयीचे, कारण हात वर न करता घालता येते. खांदा आखडू नये म्हणून हलका व्यायाम दुसऱ्या दिवसापासून, आधी खांद्याच्या उंचीपर्यंतच. मग सर्जनने सांगितल्यावर भिंतीवर बोटे चढवत रोज थोडे वर. भरलेला कुकर, पाण्याची बादली, फळीवरचे डबे आणि नातवंड उचलणे चार ते सहा आठवडे बंद. गाडी कधी चालवू, हा पुण्यातला नेहमीचा प्रश्न. स्कूटरचे हँडल अचानक वळवताना दुखत नसेल आणि ब्रेक जोरात दाबता येत असेल तेव्हाच. पुनर्रचनेनंतर बहुधा सहा आठवड्यांनी, आणि तेव्हाही पुण्यातले गतिरोधक लक्षात घेऊन.

पथ्याच्या बाबतीत घरातल्या जुन्या माणसांचे ऐकणे इथे तोट्याचे ठरते. डाळीने जखम पिकते, दह्याने पू होतो, असे सांगून बाईला भात आणि पातळ वरणाच्या पाण्यावर ठेवले जाते. जखम भरायला प्रथिने लागतात. वरण, उसळ, दही, अंडी, चालत असेल तर मासे, सगळे हवे. ताप, एका बाजूला अचानक वाढलेली सूज, वाढती लाली, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

व्रणाचा अंतिम रूपरंग कळायला वर्ष लागते. पहिले काही महिने तो लाल आणि जाड होतो, मग हळूहळू फिका पडतो. उन्हाने तो काळवंडतो, म्हणून झाकून ठेवणे आणि सांगितले असेल तर सिलिकॉनचे जेल लावणे इतकेच करावे. कावसजीच्या कपाळावरचा व्रणही कालांतराने फारसा जाणवत नसे, असे त्या १७९४ च्या नोंदीत आहे. नाक, पोट वा स्तनाची सौंदर्यशस्त्रक्रिया ठरवण्याआधी सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतली नोंदणी पाहून घ्यावी, जाहिरात नव्हे. कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या स्त्रीने उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी करून घ्यायची आहे.