सातबारा, दस्त आणि फिर्याद : अलीकडील निकालांपासून शेतकऱ्यानें काय घ्यावें

आमच्या संघाच्या गेल्या बैठकींत एका सभासदानें आपला सातबारा उतारा पुढें ठेवून विचारलें, "हा कागद माझ्या नांवाचा आहे, मग दिवाणी दाव्याची मला भीति कसली?" प्रश्न सरळ होता आणि बैठकींतील बहुतेकांचें मत त्याच्याच बाजूचें होतें. आम्हीं नोकरीचीं तीस वर्षें महसूल कचेऱ्यांत फेरफाराच्या वह्या लिहिण्यांत व तपासण्यांत घालविलीं. सबब उत्तर देण्याचें काम आमच्याकडे आलें. तोंडी उत्तर अपुरें वाटल्यामुळें येथें विस्तारानें लिहीत आहों. आम्ही वकील नव्हों. ज्याचा दावा चालू असेल त्यानें आपल्या वकिलाचाच सल्ला घ्यावा. परंतु दावा उभाच राहूं नये म्हणून काय जाणावें, तेवढें सांगण्याचा हा यत्न आहे.

खराडी हें मुळामुठेच्या कांठचें, हवेली तालुक्यांतील गांव. सन १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पुढें संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उठल्या, आणि जी जमीन एकरावर विकली जाई ती चौरस फुटावर मोजली जाऊं लागली. जमिनीचें मोल वाढलें कीं कागदांचे तंटेही वाढतात. पूर्वीं बांधावर मिटणारी गोष्ट आतां तहसील कचेरी, निबंधक कचेरी, पोलीस ठाणें व न्यायालय अशा चार दारांशीं जाते. कोणत्या दाराशीं काय मिळतें व काय मिळत नाहीं हें न कळल्यामुळेंच आपला शेतकरी नागवला जातो. अलीकडील निकालांतून आम्हांस जो बोध दिसला तो हाच.

फेरफाराची नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदणींतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. आपले लोक या वाक्याचा उत्तरार्ध लक्षांत ठेवतात आणि "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द विसरतात. ता. ६ सप्टेंबर २०२१ रोजीं मध्यप्रदेशांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां स्पष्ट केलें कीं, फेरफाराच्या नोंदीनें कोणास मालकी मिळत नाहीं व कोणाची जातही नाहीं; ती नोंद सारावसुलीपुरती आहे. त्या प्रकरणांत एका इसमास मृत्युपत्राच्या आधारें आपलें नांव लावून हवें होतें. मालकीविषयीं वाद असेल तर प्रथम दिवाणी न्यायालयांत हक्क ठरवून घ्यावा, नंतर नोंद मागावी, असें न्यायालयानें सांगितलें.

याचें कारण आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. तलाठ्यानें, म्हणजे २०२४ पासून ज्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यानें, फेरफार धरावा, संबंधितांस नोटीस द्यावी आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावी, अशी रीत आहे. एका बैठकींत वीस-वीस नोंदी निघत. कोणतें मृत्युपत्र खरें आणि कोणतें खोटें हें ठरविण्यास तेथें वेळ नसे, आणि अधिकारही नसे.

तथापि नोंद ही कवडीमोल वस्तु आहे असें कोणी समजूं नये. नोटीस आल्यावर जो हरकत देत नाहीं, त्याच्याविरुद्ध कागद उभा राहतो आणि तो पाडण्यास पुढें वर्षें लागतात. नोंद प्रमाणित झाल्यास साठ दिवसांचे आंत प्रांताकडे अपील करतां येतें. ही मुदत पेरणी-काढणीच्या गडबडींत कशी निघून जाते, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

दस्त आणि मुखत्यारपत्र

दुसरा समज असा कीं, दस्त सरकारी कचेरींत नोंदला गेला म्हणजे सरकारनें मालकी तपासली. ता. ७ एप्रिल २०२५ रोजीं तमिळनाडूंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें याचा निर्णय केला. त्या राज्यानें असा नियम केला होता कीं, लिहून देणाऱ्यानें आपल्या मालकीचा पूर्वीचा दस्त दाखविल्याशिवाय नवा दस्त नोंदूं नये. न्यायालयानें तो नियम १९०८ च्या नोंदणी कायद्याशीं विसंगत म्हणून रद्द केला. लिहून देणाऱ्यास मालकी आहे कीं नाहीं हें पाहणें दुय्यम निबंधकाचें काम नव्हे. नोंदणीचा हा मूळ कायदा आपल्याकडेही तोच आहे. म्हणून घेणाऱ्यानें शिक्का पाहून निर्धास्त होऊं नये. विकणाऱ्यास जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. त्यास मुळींच हक्क नसेल तर मुद्रांकाचा खर्च मात्र पदरीं पडतो.

याच्या उलट बाजूची चूकही घडते. ता. ११ ऑक्टोबर २०११ च्या हरियाणांतील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र अशी तीन कागदांची मोट बांधून केलेली विक्री ही विक्रीच नव्हे. स्थावराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेंच जाते. आप्तानें आपल्या वतीनें व्यवहार करावा म्हणून दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रास मात्र या निकालानें बाध येत नाहीं. मुद्रांक वांचविण्याच्या लोभानें ज्यांनीं नुसत्या मुखत्यारपत्रावर गुंठे घेतले, त्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें.

कबजाविषयीं एक निकाल येथेंच सांगून टाकतों. ता. ७ ऑगस्ट २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें कीं, ज्यानें बारा वर्षें उघडपणें, अखंड व मूळ मालकाचा हक्क नाकारून जमीन कबजांत ठेविली, त्यास त्या कबजाच्या आधारें स्वतः दावाही लावतां येतो. पूर्वीं हें केवळ बचावाचें साधन समजलें जाई. परवानगीनें राबणाऱ्या वाटेकऱ्यास किंवा सामाईक हिस्सेदारास नुसत्या वहिवाटीनें हा लाभ मिळत नाहीं. परंतु ज्यांचीं मुलें शहरांत गेलीं व ज्यांचें एखादें लांबचें शेत वर्षानुवर्षें दुसराच नांगरतो, त्यांनीं बारा वर्षें डोळे मिटून बसूं नये.

मुलींचा हिस्सा

ता. ११ ऑगस्ट २०२० चा निकाल प्रत्येक घरास लागणारा आहे. हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायाद आहे, आणि त्यासाठीं ता. ९ सप्टेंबर २००५ रोजीं बाप हयात असण्याची जरुरी नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं ठरविलें. ता. २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेल्या विक्रीस किंवा रीतसर वाटपास त्यानें धक्का लागत नाहीं. परंतु "वाटप तोंडी झालें होतें" एवढें म्हणून सहसा भागणार नाहीं. आपल्या राज्यानें १९९४ सालींच असा कायदा केला होता, पण त्यांत तत्पूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या.

येथें आमच्याच घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. वडील २००१ सालीं वारले. वारसाचा फेरफार आम्हीं स्वतः पुढाकार घेऊन करविला. आम्ही दोघे बंधु कब्जेदार सदरीं लागलों आणि दोघी बहिणींचीं नांवें "इतर हक्क" या रकान्यांत गेलीं. त्या काळीं पुष्कळ गांवांत तशी चाल होती आणि आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. सन २०२० च्या निकालाची बातमी वाचून थोरली बहीण घरीं आली. तिनें हिस्सा मागितला नाहीं. उतारा हातांत घेऊन एवढेंच म्हणाली, "अरे, तूं कचेरींत होतास. दुसऱ्याच्या घरचें असतें तर असा रकाना चालूं दिला असतास का?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. रकाना बदलल्यानें हिस्सा कमी होत नाहीं हें आम्हांस कायद्यानें ठाऊक होतें. तरी वीस वर्षें तो कागद तसाच राहूं दिला. धाकटे बंधु राजी होण्यास वर्ष लागलें. अखेर नोंद दुरुस्त झाली आणि चौघांचीं नांवें एका सदरीं आलीं. थोरलीनें पुढें आपण होऊन आपला भाग भाच्यांस दिला, धाकटीनें ठेवून घेतला. दोन्ही गोष्टी नोंदलेल्या दस्तानें झाल्या. हक्कसोड करून घ्यावयाचीच असेल तर ती राजीखुशीची व नोंदलेली असावी. भाऊबीजेच्या ताटासमोर कोऱ्या कागदावर घेतलेली सही न्यायालयांत टिकत नाहीं आणि घरांतही टिकत नाहीं.

सरकारी हुकूम

सरकारी हुकुमावर तरी डोळे मिटून विसंबावें काय? पुण्याच्याच दोन प्रकरणांतून याचें उत्तर मिळतें. पुणें महानगरपालिकेच्या एका संपादनासंबंधीं ता. २४ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें होतें कीं, भरपाईची रक्कम सरकारी खजिन्यांत ठेवणें म्हणजे ती शेतकऱ्यास देणें नव्हे. सबब २०१३ च्या कायद्याप्रमाणें तें संपादन व्यपगत झालें. अनेकांनीं याच भरवशावर भरपाई नाकारली. परंतु ता. ६ मार्च २०२० रोजीं इंदूरच्या प्रकरणांत पांच न्यायमूर्तींनीं तो निकाल फिरविला. कबजा घेतला नाहीं आणि भरपाईही दिली नाहीं, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच जुनें संपादन पडतें. देऊं केलेली भरपाई ज्यानें स्वतःच नाकारली, त्यास ती मिळाली नाहीं म्हणून तक्रार करतां येत नाहीं. एखादा निकाल ऐकून पाऊल टाकण्यापूर्वीं तो अद्याप उभा आहे कीं नाहीं, हें विचारावें.

दुसरें प्रकरण कोंढवें बुद्रुकचें. तेथील सुमारें बारा हेक्टर जमीन १८७९ पासून राखीव वन म्हणून जाहीर होती. सन १९९८ मध्यें ती शेतीसाठीं एका कुटुंबास देण्यांत आली व लगोलग एका गृहरचना संस्थेस विकण्याची परवानगीही मिळाली. ता. १५ मे २०२५ रोजीं तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानें तें वाटप व ती विक्री दोन्ही बेकायदेशीर ठरवून जमीन वनखात्याकडे परत देण्याचा हुकूम केला. शिवाय अशा जमिनी कोठें कोठें खाजगी हातीं गेल्या त्याचा शोध घेण्यास सर्व राज्यांस फर्माविलें. वरिष्ठांची सही असलेला हुकूमही मुळांत अधिकार नसेल तर पंचवीस वर्षांनीं पडतो. म्हणून जमीन घेतांना नुसता चालू उतारा न पाहतां जुने फेरफार व तिचा मूळ धारणाप्रकार मागपर्यंत तपासावा.

ठाणें कीं न्यायालय

आतां फौजदारी बाजू. ता. १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, दखलपात्र गुन्ह्याची खबर आल्यावर पोलिसांनीं ती नोंदलीच पाहिजे. ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्यें ही तरतूद आहे; मात्र तीन वर्षें वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनें चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवड ठेविली आहे.

परंतु प्रत्येक जमिनीचा तंटा हा गुन्हा नव्हे. बिहारांतील एका प्रकरणांत, सन २००९ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें एक सूक्ष्म पण उपयुक्त भेद केला. दुसऱ्याची जमीन "माझी आहे" म्हणून कोणी विकली, तर तेवढ्यानें तो दस्त बनावट ठरत नाहीं. फसवणुकीची तक्रार पैसे देऊन फसलेल्या घेणाऱ्याची असते, आणि मूळ मालकानें आपला हक्क दिवाणी न्यायालयांत सांभाळावयाचा असतो. मात्र मूळ मालक म्हणून तोतया उभा करून सही केली असेल, तर तो बनावट दस्तच होय. येथें ठाण्याची पायरी अवश्य चढावी.

दिवाणी वादास फौजदारी रंग देण्याची खोड वाढली म्हणून एप्रिल २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें उत्तरप्रदेशांतील एका प्रकरणांत त्या राज्याच्या सरकारवर पन्नास हजार रुपयांचा खर्च बसविला. आमच्या पाहण्यांतील किती तरी लोक "आधीं केस टाकूं, मग तो नमेल" असें म्हणून ठाण्यांत गेले. समोरचा नमला नाहीं. इकडे दिवाणी दाव्याची मुदत मात्र सरली.

त्या सभासदास आम्हीं शेवटीं सांगितलें तें असें : उतारा दर सहा महिन्यांनीं काढून वाचा, नोटिशीस मुदतींत लेखी हरकत द्या व तिची पोंच घ्या, जमीन घेतांना मागील दस्त व फेरफार वकिलाकडून तपासून घ्या, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयांत न्या आणि गुन्हा घडला असेल तरच ठाण्यांत जा. त्यानें उताऱ्याची घडी घालून खिशांत ठेविली आणि विचारलें, "मग माझ्या बहिणींचीं नांवें कोणत्या रकान्यांत आहेत, तें पाहून सांगाल काय?" आम्हीं उतारा पुन्हां उलगडला. वाचकांनींही आपापल्या घरचा उतारा एकवार असाच उलगडून पाहावा, एवढीच विनंति.