देशादेशांची सावड

शेतीतली सावड तुम्हा-आम्हाला नवी नाही. माझ्याकडे एक बैल, तुमच्याकडे एक बैल. दोन्ही मिळून जोडी होते. आज तुमचे रान नांगरायचे, उद्या माझे. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. काम दोघांचेही होते. अट एकच. पाळी चुकवायची नाही आणि दुसऱ्याचा बैल उपाशी ठेवायचा नाही.

अशीच सावड देशादेशांतही असते. ती कशी, ते वाचू. सुरुवात खर्ड्यापासून करू.

एका लढाईपुरती एकी

खर्डा जामखेड तालुक्यात आहे. तेथे निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. ११ मार्च १७९५ या दिवशी या भागात मोठी लढाई झाली. एका बाजूला हैदराबादचा निजाम, दुसऱ्या बाजूला मराठे. पुण्याचे पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरचे भोसले अशी सगळी घराणी त्या दिवशी एकत्र आली. नाना फडणवीसांनी त्यांची मोट बांधली. परशुरामभाऊ पटवर्धन फौजेच्या पुढे होते. निजाम हरला. तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. मराठ्यांनी वेढा घातला. आत पाण्याचे हाल झाले. शेवटी निजामाने तह केला.

पुढे काय झाले? काम झाले आणि मोट सुटली. त्याच वर्षी तरुण पेशवे सवाई माधवराव वारले. मग घराण्याघराण्यांत भांडणे लागली. इकडे निजामाने १७९८ साली इंग्रजांची फौज पदरी घेतली. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा! १८०२ साली पेशवे दुसऱ्या बाजीरावांनीही वसईला तसाच तह केला. दोघांनी शेजाऱ्याच्या भीतीने लांबचा पाहुणा घरात आणला. पाहुणा घरधनी झाला. १८१८ साली पेशवाई बुडाली.

शेजारी एका दिवसापुरते एकत्र आले, तर लढाई जिंकता येते. पण घर सांभाळायचे तर रोजचा व्यवहार लागतो. बोलणे पक्के लागते. हिशेब उघडा लागतो.

डोंगरातली वीज

आता आजच्या काळाकडे येऊ. भूतान हा हिमालयातला लहानसा देश. आसाम आणि बंगालच्या उत्तरेला तो आहे. तेथे कारखाने थोडे, पण नद्या जोरदार. पाणी उंचावरून खाली पडते. त्या जोरावर मोठे चाक फिरवले की वीज होते. आपल्या कोयनेलाही अशीच वीज होते.

भूतानकडे पाणी होते, पैसा नव्हता. भारताला वीज हवी होती. १९७४ साली दोघांनी करार केला. चुखा येथे वीजघर बांधायचे ठरले. शंभरातले साठ रुपये भारताने मदत म्हणून दिले, चाळीस कर्जाऊ दिले. भूतानने आपल्या गरजेपुरती वीज ठेवायची आणि उरलेली भारताला विकायची. १९८६ ते १९८८ या काळात वीजघर चालू झाले. त्याची ताकद ३३६ मेगावॅट. एक मेगावॅट म्हणजे किती? पाच अश्वशक्तीचे अडीचशेच्या आसपास पंप एका वेळी चालतील, एवढी वीज.

पुढे आणखी वीजघरे झाली. ताला येथले तर १०२० मेगावॅटचे आहे. वीज विकून भूतानच्या सरकारच्या तिजोरीत मोठी भर पडते. यात खरी सावडही आहे. पावसाळ्यात नद्या भरून वाहतात. तेव्हा भूतान वीज देतो. हिवाळ्यात नद्या आटतात. तेव्हा भूतान भारताकडून वीज घेतो.

शेजाऱ्याच्या रानात चोर

पण तारा जोडल्या म्हणजे झाले, असे नाही. तारेला राखण लागते. मनात भरवसा लागतो.

आसामात सरकारविरुद्ध शस्त्र धरणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. इकडे येऊन हल्ला करायचा आणि पुन्हा तिकडे पळायचे. भूतानने त्यांना आधी बोलून सांगितले, 'आमची जागा सोडा.' बोलणी बरीच वर्षे चालली. ते ऐकेनात. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने ते तळ उठवले. देश लहान, सैन्य लहान. त्यांचे काही जवान कामी आले. तरी त्यांनी ते काम केले.

२००७ साली दोन्ही देशांनी आपला मैत्रीचा जुना तह नव्याने लिहिला. त्यात एक कलम आहे. एकाच्या भूमीवरून दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका होईल, असे काही होऊ द्यायचे नाही. आपण बांधावर हेच म्हणतो. 'माझ्या रानात लपून तुझ्या खळ्यावर कोणी डल्ला मारणार नाही.'

मधल्या शेतातून वाट

नेपाळातही नद्या आहेत. नेपाळची वीज बांगलादेशाला हवी होती. पण दोघांच्या मध्ये भारताची भूमी. आपल्या शेताकडे जायला मधल्या शेतकऱ्याने वाट द्यावी लागते, तसेच हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही देशांनी करार केला. नोव्हेंबरात भारताच्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॅट वीज पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली. वीज थोडी आहे. पण वाट पडली, हे मोठे आहे.

वाट अडली तर काय होते, हेही नेपाळने पाहिले आहे. सप्टेंबर २०१५ पासून काही महिने भारत-नेपाळ सीमेवर मालाची ने-आण अडली. नेपाळात स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, औषधे मिळेनात. दोन्ही देशांनी एकमेकांना बोल लावला. पुढच्याच वर्षी नेपाळने मालाच्या वाहतुकीसाठी चीनशी करार केला. एकच वाट असली की माणूस दुसरी शोधतो. त्याला नावे ठेवून काय उपयोग? नंतर २०१९ साली बिहारातल्या मोतिहारीपासून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत तेलाची नळवाट सुरू झाली. विश्वास तुटायला एक हंगाम पुरतो. जुळायला बरीच वर्षे लागतात.

आपल्या खांबावरची तार

याचा खर्ड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. खर्ड्याच्या खांबावरची तार पाहा. ३१ डिसेंबर २०१३ या दिवशी सोलापूर आणि रायचूर यांना जोडणारी मोठी तार चालू झाली. तेव्हापासून दक्षिणेच्या तारा बाकीच्या भारताच्या तारांना जोडल्या गेल्या. साऱ्या देशाच्या तारांचे एक जाळे झाले. भूतान आणि नेपाळ यांच्या तारा त्याच जाळ्याला लागतात. विहिरीत चार झरे येतात. पोहऱ्यातले पाणी कोणत्या झऱ्याचे, हे सांगता येत नाही. विजेचेही तसेच आहे.

म्हणून शेजारी देशाची बातमी कानी आली, तर 'आपल्याला काय त्याचे' असे म्हणू नका. काय ठरले, कोणाला काय मिळाले, बोलल्याप्रमाणे कोण वागले, हे विचारा. थोरला शेजारी मापात खोट करतो का, धाकटा आपली पाळी पाळतो का, तेही पाहा.

खर्ड्याला एकी एका दिवसाची होती. सावड दर हंगामाला करावी लागते.