कुंडीतले ब्रह्मकमळ आणि हिमालयातले

पावसाळा लागला की बऱ्हाणपुरातील एखाद्या मराठी घरात ब्रह्मकमळ उमलल्याची वर्दी रात्रीच आळीभर पोहोचते. शेजारीपाजारी जमतात, निरांजन लावले जाते, हळदकुंकू वाहिले जाते. आणि पहाटेपूर्वीच फूल मान टाकते. फूल देखणे खरेच. परंतु वनस्पतिशास्त्राला विचाराल तर ते ना कमळ, ना ब्रह्मकमळ. त्याचे कुळ निवडुंगाचे आणि माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. आपण पान म्हणून जे मातीत खोचतो ते वस्तुतः चपटे झालेले खोड होय; म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते.

नावाचा मूळ मानकरी हिमालयात, सुमारे ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर राहतो. आपले तापीकाठचे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर. तेव्हा ते रोप येथे रुजण्याची आशा नको. केदार-बदरीच्या यात्रेस गेलेल्या मंडळींना ते दाखवले जाते, तेव्हा मनात कुंडीतले शुभ्र फूल असल्याने त्यांचा विरसच होतो. हा तर कोबीचा गड्डा, असे वाटते! वीत-दीड वीत उंचीच्या दांड्याच्या शेंड्याला पिवळसर हिरवी, कागदासारखी पातळ आवरणे होडीसारखी मिटलेली असतात. त्या पाकळ्या नव्हेत, ती छदे. त्यांतून उजेड आत जातो, ऊब टिकते, आणि गार वारा व पाऊस बाहेर राहतो. ती अलगद बाजूस सारली की आत जांभळट बोंडे दिसतात. फुले तेथे आहेत.

‘फुले’ हे अनेकवचन मुद्दामच योजले आहे. हे कुळ सूर्यफुलाचे, आणि त्याची खूण ओळखण्यास हिमालयात जावयास नको. दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू घ्या व एक पाकळी ओढा; तिच्यासवे काळी बारीक काडी येते. ते त्या चिमुकल्या फुलाचे फळ. म्हणजे एक झेंडू ही पुष्कळ फुलांची भरलेली सभाच. ब्रह्मकमळाची अधिक जवळची भावंडे मात्र करडई आणि माळावरचा काटेरी उंटकटारा. या शाखेत झेंडूसारख्या रुंद पाकळ्या नसतात, नुसत्या बारीक नळ्या असतात. करडईचे बोंड ज्याने निरखले त्याला ब्रह्मकमळ फसवू शकणार नाही. हिमालयातच लोकरीच्या गोळ्यासारखे दिसणारे फेणकमळ हेही त्याच्याच प्रजातीतले. पण त्याला कागदी होडी नसते. या प्रजातीचे शास्त्रीय नाव, सॉस्युरिया, १७८७ साली माँ ब्लाँ शिखर चढलेले जिनिव्हाचे सोस्यूर आणि त्यांचे पुत्र यांच्या स्मरणार्थ आहे.

१९८२ साली आपल्या टपाल खात्याने हिमालयीन फुलांच्या तिकिटांत ब्रह्मकमळाला स्थान दिले. आज ते उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. गढवालात नंदाष्टमीस ते देवीला वाहण्याची जुनी चाल आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. पण प्रत्येक यात्रेकरूने एकेक फूल घरी आणण्याचा हट्ट धरणे मला तरी पटत नाही. खुडलेल्या बोंडाचे बी धरत नाही, आणि हे रोप बियांवर वाढते. कुंडीतल्या आपल्या पाहुणीचे तसे नाही. शेजारणीने तिचे एक पान मागून नेले तरी दोन्ही घरी फुले येतात.