वीज देयक, घरगुती

घराने ठरावीक मुदतीत वापरलेली विद्युत् ऊर्जा, तिच्यावरील निरनिराळे आकार व रक्कम भरण्याची अंतिम तारीख दर्शविणारा हिशेब म्हणजे घरगुती वीज देयक होय. व्यवहारात त्यास ‘लाईट बिल’ म्हणतात. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचे (स्थापना १९६०) ६ जून २००५ रोजी विभाजन झाले. तेव्हापासून राज्याच्या बहुतेक भागात ही आकारणी महाराष्ट्र राज्य विद्युत् वितरण कंपनी (महावितरण) करते. दर मात्र महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग आदेशाद्वारे ठरवितो.

ओळख : देयकावर १२ अंकी ग्राहक क्रमांक व ४ अंकी बिलिंग युनिट छापलेले असते. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे व चांदूर बाजार अशी तालुक्याची दोन ठिकाणे आहेत. म्हणून भरणा करताना नावगावावर न विसंबता हे अंक ताडून पाहावेत.

मापन : १,००० वॉटचे उपकरण एक तास चालल्यास एक किलोवॉट-तास, म्हणजेच एक युनिट, वीज खर्च होते. मीटरच्या चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले असता वापरलेली युनिटे मिळतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात कूलर अपरिहार्य असतो. २०० वॉटचा कूलर रोज १२ तास चालल्यास ३० दिवसांत ७२ युनिटे लागतात. ज्या घराचा एरवीचा वापर ८० युनिटे आहे, तेथे तो १५२ युनिटांवर जातो.

आकारणी : देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क ही मुख्य कलमे असतात. स्थिर आकार वापर शून्य असला तरी द्यावा लागतो. वीज शुल्क हा शासनाचा कर असून घरगुती ग्राहकास तो १६ टक्के आहे. वीज आकाराचे दर मासिक वापराच्या टप्प्यांनुसार चढते असतात : १००पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व ५००च्या वर. १०० युनिटे ओलांडताच सर्व युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. वरील १५२ युनिटांपैकी पहिल्या १०० युनिटांना पहिल्या टप्प्याचा व उरलेल्या ५२ युनिटांनाच दुसऱ्या टप्प्याचा दर लागू होतो.

सरासरी देयक : घर बंद असल्याने किंवा मीटर नादुरुस्त असल्याने रीडिंग न मिळाल्यास पूर्वीच्या वापराच्या सरासरीने देयक दिले जाते. पुढे प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर साचलेला वापर त्या त्या महिन्यांत विभागून टप्पे लावणे व आधी भरलेली रक्कम वळती करणे आवश्यक असते. दोन महिन्यांची १६० युनिटे दरमहा ८० प्रमाणे पहिल्याच टप्प्यात बसतात. ती एकाच महिन्याची धरल्यास ६० युनिटांना वरचा दर लागून ग्राहकावर अन्याय होतो. म्हणून एकूण रकमेपूर्वी रीडिंगच्या दोन तारखा व रीडिंगविषयीचा शेरा पाहणे महत्त्वाचे ठरते. दरमहा ठरावीक दिवशी मीटरचे आकडे टिपून ठेवल्यास पडताळणी सुलभ होते.

भरणा व तक्रार : रक्कम भरणा केंद्रात किंवा मोबाईलवरून भरता येते, दोन्ही बाबतींत पावती जपावी. देयकात दर्शविलेल्या तत्पर भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे भरल्यास सवलत मिळते, तर अंतिम तारखेनंतर विलंब आकार पडतो. विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम ५६ अन्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असल्यास ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत त्याचा पुरवठा तोडता येत नाही. त्यामुळे चुकीचे देयक न भरता तसेच ठेवण्यापेक्षा लेखी हरकतीसह भरणा करणे हिताचे असते. स्थानिक कार्यालयात दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे व त्यानंतर विद्युत् लोकपालाकडे जाता येते. विदर्भातील ग्राहकांसाठी लोकपालाचे कार्यालय नागपूर येथे आहे.