लोहावर उभं, लोहाला मुकलेलं
रोपवाटिकेच्या पिशवीत एक्झोरा बारमाही गर्द हिरवा दिसतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो अंगणात लावला, की काही घरी थोड्याच महिन्यांत त्याची नवी पालवी पिवळी येते आणि त्या पिवळ्यावर हिरव्या शिरांची जाळी उमटते. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. ही लोहाची उपासमार. जुन्या पानात बसलेलं लोह झाडाला सहजी हलवता येत नाही, म्हणून उपास घडतो तो शेंड्याला.

आता नवल पाहा. मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळांच्या हाती लागत नाही! कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बर्डी ही भंडाऱ्याकडच्या जमिनींची नावं. त्यांतल्या मोरंडीत चुनखडीचे खडे सापडतात. त्यांवर व्हिनेगरचा थेंब टाका, फेस येईल. हा चुना मातीचा सामू ८ च्या आसपास धरून ठेवतो. आणि सामू एका अंकाने चढला, की विरघळलेले फेरिक आयन हजारपटीने घटतात.

झुडूपही गप्प बसत नाही. मुळांतून आम्ल सोडून ते लोह सोडवू पाहतं, पण चुना ते आम्ल जागीच मारतो. गवताच्या कुळाने वेगळीच शक्कल काढली आहे: लोहाला धरणारे रेणू मुळांतून बाहेर सोडायचे आणि लोहासकट परत आत घ्यायचे. धान त्याच कुळातलं, शिवाय त्याला बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतातल्या, पाण्याची साथ. तुंबलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपला, की जिवाणू फेरिक लोहाचं फेरस करतात आणि ते चटकन विरघळतं. कुंपणाअलीकडे झुडूप पिवळं, पलीकडे बांधी हिरवीगार!

मग एक्झोराही पाण्यात ठेवावा? छे. त्याची मुळं गुदमरतील. त्यात चुनखडीच्या ओल्या मातीत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट वाढतं आणि पिवळेपणा आणखी बळावतो. चिकण जमिनीत खड्डा करून नुसतं कोकोपीट भरलं, तर पावसाळ्यात त्याची विहीरच होते. म्हणून खड्डा रुंद करावा, पिशवीत गोल फिरलेली मुळं मोकळी करावीत, निघालेलीच माती परत घालावी आणि मुळांचा गड्डा बोटभर उंच बसवावा. लोह द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं संयुग. ईडीटीएचं चिलेट चुनखडीत टिकत नाही.

माझं विचाराल तर अशा जमिनीत कण्हेर लावावी, तिला चुन्याचं वावडं नाही. एक्झोरा मोठ्या कुंडीत ठेवावा. बोअरचं पाणी जड असेल, तर तिथेही पावसाचं साठवलेलं पाणीच घालावं.