फाइल पूर्ण आहे, पण तेल कोण काढतो?

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन आहे. जुने दिल्लीकर या रस्त्याला अजून कर्झन रोड म्हणतात. गावाकडून कामासाठी आलेली माणसे तिथे उतरतात, आणि मी नोएडाहून त्या बाजूला गेलो की कुणी ना कुणी भेटतेच. गेल्या हिवाळ्यात तासगावकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहे. मी फौजेत आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो, रसद सांभाळली, हे कळल्यावर त्यांनी पिशवीतून फाइलच काढली. "कर्नलसाहेब, सगळे कागद पूर्ण आहेत. आता काळजी नाही ना?"

फाइल खरोखर नीट होती. मी एकच विचारले, "तुमच्याकडे अमोनियाच्या यंत्रातले तेल कोण काढतो, आणि तेव्हा त्याच्यासोबत कोण असते?"

"रात्रपाळीचा पोरगा काढतो. एकटाच असतो."

आजचे बोलणे या उत्तराविषयी आहे.

आधी हा वायू समजून घेऊ. डेअरी, मासळीचे कारखाने, बर्फाचे कारखाने, मोठी शीतगृहे, सगळीकडे अमोनियाच चालतो. स्वस्त आहे, उष्णता ओढून घेण्यात तरबेज आहे, ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. साध्या दाबाला तो उणे 33 अंशांवर उकळतो. म्हणजे पाइप फुटला की एक लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग ही आठ तास काम करण्याची मर्यादा मानतात. 300 भागांवर जिवाला धोका. वास फार आधी येतो, ही देवाची कृपाच. पण रोज त्यात काम करणारा म्हणतो, "वास तर नेहमीचाच." तिथे ती कृपा संपते.

पुस्तकात लिहिलेले असते की अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. खरे आहे, पण गळणाऱ्या थंड द्रवाचा पांढरा ढग बारीक थेंबांनी भरलेला असतो आणि जमिनीलगत सरपटतो. त्याला पाण्याची ओढ. डोळे, घसा, फुप्फुसे, घामेजलेल्या काखा, जिथे ओल तिथे तो भाजतो. म्हणून डोळ्यांत गेला तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवायचे. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी ओतायचे नाही. पाण्याची ऊब मिळाली की तो आणखी जोरात उकळतो.

आता तेलाकडे येतो. कॉम्प्रेसरमधले तेल वायूबरोबर पुढे जाते. ते अमोनियात मिसळत नाही आणि त्याहून जड असते, म्हणून टाक्यांच्या तळाशी साचते. ते अधूनमधून काढावेच लागते. थंडीने ते गुळाच्या पाकासारखे घट्ट झालेले असते. पोरगा व्हॉल्व्ह उघडतो, काही येत नाही. आणखी उघडतो, तारेने कोचतो. अचानक तेलाचा गठ्ठा सुटतो आणि मागून दाबाखालचा द्रव अमोनिया तोंडावर येतो. चाक फिरवून बंद करायचा व्हॉल्व्ह असेल, तर आंधळा झालेला माणूस तो बंद कसा करणार? यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, त्याच्या आधी एक साधा व्हॉल्व्ह, तोंडावर मास्क आणि शेजारी दुसरा माणूस. शीतगृहात ठेवलेल्या मालाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

दुसरी नाजूक वेळ म्हणजे वीज गेल्यानंतरची. आपल्याकडे हे सांगायला नको. अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर गावी एका शीतगृहात ऑगस्ट 2010 मध्ये वीज सात तासांवर गेली. दुसऱ्या दिवशी यंत्रणा पूर्ववत करताना ऑपरेटरने एक अलार्म पुसला. त्यामुळे बर्फ वितळवण्यासाठी गरम वायूने भरलेली कॉइल मधला टप्पा गाळून थेट थंडाईला जोडली गेली. गरम वायू आणि थंड द्रव एकत्र आले, पाइपात घणाचा घाव बसावा तसा दणका बसला आणि छतावरचा बारा इंची पाइप फुटला. चौदा टनांहून अधिक अमोनिया सुटला, नदीपलीकडे काम करणाऱ्यांसह दीडशेवर लोकांना त्रास झाला. बटण एकच दाबले गेले होते.

तिसरी गोष्ट चालढकलीची. कॅनडातल्या फर्नी गावच्या बर्फाच्या मैदानात चिलर गळतो, हे 2017 च्या वसंतातच चाचणीत दिसले होते. ऑक्टोबरमध्ये हंगाम आला, यंत्र पुन्हा सुरू झाले. 17 ऑक्टोबरला तिघे गेले. छिद्र अगदी बारीक होते.

आता कायदा. कस्तुरबा गांधी मार्गाच्या इंडिया गेटकडच्या टोकापासून सर्वोच्च न्यायालय लांब नाही. डिसेंबर 1985 मध्ये, भोपाळला जेमतेम वर्ष झाले असताना, याच दिल्लीत एका खत-रसायन कारखान्यातून ओलियम सुटला. तीस हजारी कोर्टातले एक वकील त्यात दगावले. एम. सी. मेहता यांच्या खटल्यात न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये सांगितले की घातक धंदा करणाऱ्याला "मी सगळी काळजी घेतली होती" हा बचाव नाही. पुढच्याच वर्षी कारखाने कायदा बदलला. धोकादायक प्रक्रिया असेल तिथे कामगाराला धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले आणि जिवावरचा धोका थेट निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क त्याला मिळाला. कोल्ड स्टोरेजमध्ये माल साठवणे हीसुद्धा त्या कायद्याने उत्पादन प्रक्रियाच, त्यामुळे "आमचे तर नुसते गोदाम" हे चालत नाही. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या संहितेने घेतली आहे.

अमेरिकेत 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन अमोनिया असला की प्रत्येक कामाची लेखी पद्धत ठेवावी लागते. आपल्याकडे घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांतला उंबरठा याच्या कितीतरी पट वर आहे. छोटे शीतगृह त्याखाली राहते. टाकीची तपासणी होते, दाखला मिळतो. रात्री तीन वाजता तेल कसे काढले, हे कुठल्याच दाखल्यात येत नाही. ते मालकालाच बघावे लागते.

तासगावच्या गृहस्थांना मी काही गोष्टी लिहून दिल्या. तेल काढण्याची कृती एका पानावर, मोठ्या अक्षरात. ऑपरेटर बिहारचा असेल तर हिंदीत. वीज आल्यावर डिफ्रॉस्टमधल्या कॉइलला कुणीही एकट्याने हात लावायचा नाही. मास्क प्लँट रूमच्या दाराबाहेर, मॅनेजरच्या कपाटात कुलपात नाही. (हे कुलूप मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता गेल्यावर पहिली चौकशी किल्लीची करतो.) छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, कारण पळायचे ते वाऱ्याला आडवे. फौजेत जशी स्टँड-टू होते तशी वर्षातून दोनदा, रात्री, न सांगता कवायत. शेवटी डोकी मोजायची. आणि रिसीव्हरचा मुख्य व्हॉल्व्ह, ज्याला किंग व्हॉल्व्ह म्हणतात, तो लाल रंगवून त्याच्यापर्यंतची वाट मोकळी ठेवायची. त्यांच्याकडे त्या वाटेवर बेदाण्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. त्यांनी सदनातूनच फोन लावला आणि पेट्या हलवायला सांगितल्या.